मराठी विज्ञानलेखनाला हवा समीक्षक

मराठीत विज्ञान सांगणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० मधले, ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. या परंपरेने कृष्णविवरापासून जनुकापर्यंत पुष्कळ काही घरोघरी पोचवले, आणि तिचे ऋण मोठे आहे. तरीही तिचा सूर बहुतांशी शिकवणाऱ्याचा राहिला. एखादा दावा कोणी तपासला, तो कुठे अडला, कोणाला का पटला नाही, हे वाचकासमोर उलगडणारे लेखन फार थोडे. कादंबरीला समीक्षक मिळतो, नाटकाला मिळतो. विज्ञानातल्या दाव्याला मिळत नाही.

तो मिळाला की काय घडते, याचे उत्तम उदाहरण पुण्यातलेच आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि गतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या. त्यांतल्या एकूण चाळीस प्रत्येक ज्योतिषाला पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. ५१ जण पुढे आले, २७ जणांनी उत्तरे धाडली. अचूक उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के भरले. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. मला यातल्या निकालाइतकाच त्यामागचा सभ्यपणा मोलाचा वाटतो. ज्योतिषांना कोणी हिणवले नाही. कुंडलीवरून बुद्धीची वाढ कळते हा त्यांचाच दावा, तो पडताळण्याची संधीही त्यांनाच दिली. गणिताची धास्ती असलेल्या वाचकालाही ही चाचणी पायरी-पायरीने कळते, आणि उद्या दुसऱ्या एखाद्या दाव्याला तो स्वतः असाच प्रश्न विचारू शकतो.

प्राचीन विमानविद्येच्या दाव्याची अशी चिकित्सा मात्र मराठी वाचकापर्यंत पोचली नाही. या दाव्याचा आधार मानल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्येच चिकित्सा केली होती. त्यांनी आधी ग्रंथाची भाषा आणि त्याचा इतिहास पाहिला, मग विमानांच्या आकृत्या, आकार आणि वजने उड्डाणाच्या नियमांवर घासून पाहिली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो इंग्रजीत राहिला. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तिथे प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झाले आणि वाद पेटला, तेव्हा आपल्याकडची चर्चा अभिमान विरुद्ध अंधश्रद्धा असे दोन तट पडून झाली. चाळीस वर्षांपूर्वीची आकडेमोड कोणी सोप्या मराठीत पुढे ठेवली असती, तर प्राचीन वारशावर प्रेम करणाऱ्यालाही ती शांतपणे वाचता आली असती.

मात्र फलज्योतिषाची चिकित्सा करून आपले काम संपत नाही. खुद्द वैज्ञानिकांच्या संस्थाही चुकतात. जनुकबदल केलेल्या बीटी वांग्यावर २०१० मध्ये नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारीला त्याच्या लागवडीला स्थगिती मिळाली. नंतर सरकारने देशातल्या सहा विज्ञान अकादमींचे मत मागवले. त्यांच्या अहवालात दुसरीकडचा मजकूर शब्दशः उचललेला निघाला आणि तो नव्याने करावा लागला. एवढ्या मोठ्या नावांचा अहवालही कोणीतरी ओळीनओळ वाचला, म्हणून हे उघडकीस आले.

असे वाचन शेताच्या बांधावरही हवे. २०१९ मध्ये विदर्भातल्या अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे, मंजुरी नसलेले कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. शेतकऱ्यांचा प्रश्न निंदणाच्या वाढत्या मजुरीचा होता, सरकारचा कायद्याचा, पर्यावरणवाद्यांचा जमिनीचा आणि आरोग्याचा. एकरी मजुरी खरोखर किती वाचते? तेच तणनाशक वर्षानुवर्षे मारल्यावर तणे त्याला किती हंगामांत दाद देईनाशी होतात? निंदणावर पोट असणाऱ्या बायकांच्या हातचे किती दिवसांचे काम जाते? हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून त्यांची झडती घेणारा समीक्षक विदर्भातल्या शेतकऱ्याला आजही हवा आहे.