भूमिकाखेळ : बालांसाठी की प्रौढांसाठी?

पटाभोवती बसून खेळावयाचे भूमिकाखेळ मुलांसाठी रचावेत की प्रौढांसाठी, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयाचा आहे. ह्या खेळात सोंगट्यांहून शब्द अधिक लागतात. एक खेळाडू सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करणार ते बोलून दाखवितात. निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासा निर्णय देतो. कथा अशी चारपाच जणांच्या तोंडून घडत जाते. तेव्हा बालवाङ्मयाविषयीचे जुने वाद तिलाही चुकत नाहीत.

ह्या प्रकारास आजचे रूप अमेरिकेत मिळाले. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाला. युद्धखेळांचा छंद असलेल्या मंडळांतून तो निघाला. १९७७ च्या प्राथमिक संचाच्या पेटीवर हा प्रौढांचा खेळ म्हटलेला होता. १९८१ च्या संचावर वय दहा वर्षांपर्यंत उतरले. त्याच दशकात ह्या खेळाने मुले बिघडतात अशी ओरडही तेथे झाली. गिऱ्हाइकाचे वय प्रकाशक ठरवू शकतो. कृतीचे वय मात्र तिच्यातील अर्थावरून ठरते, असे आमचे मत आहे.

ह्याचा दाखला आपल्याच घरात आहे. मोक्षपटाचे नाते परंपरा ज्ञानदेवांशी जोडते. ती परंपरा आहे, सिद्ध इतिहास नव्हे. पण पटाचे स्वरूप स्पष्ट आहे. घराघरांवर सद्गुणांची व दुर्गुणांची नावे, सद्गुणापासून शिडी, दुर्गुणापाशी साप आणि अखेरीस मोक्ष. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पोहोचला व तेथे मुलांचा खेळ झाला. आरंभी त्यावर तिकडील नीतिपाठ होते; पुढे तेही गळाले आणि उरले ते आकडे. आज मूल सापाच्या तोंडी पडते, पण का पडले हे त्याला कोणी सांगत नाही. खेळ मुलांच्या हाती गेला म्हणून उणा झाला नाही; मुलांना अर्थ पेलणार नाही असे मोठ्यांनी मानले म्हणून उणा झाला.

याउलट एकनाथांचे भारूड पाहावे. जोशी, वासुदेव, गोंधळी अशी कितीतरी सोंगे नाथांनी घेतली. विंचवाच्या भारुडात मुलाला सोंग घेणाऱ्याची तडफड दिसते व हसू येते. शेजारी बसलेल्या आजोबांना तो विंचू कोणता हे ठाऊक असते. रचना एकच, श्रोते दोन वयांचे, आणि कोणासाठीही तिच्यात पाणी घातलेले नाही. भूमिकाखेळाच्या रचनाकाराने कित्ता गिरवावा तो हा.

बऱ्हाणपुरापुरते बोलावयाचे तर सामग्री उशाशी आहे. १६१५ सालचा कुंडी भंडारा घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहरात आणणाऱ्या ह्या कुंड्यांच्या रांगेत पाणी कोठे अडले ते शोधण्याचा खेळ दहा वर्षांचे मूलही खेळेल. असीरगड घ्या. अकबराचा वेढा पडला आहे, आत रोगराई आहे, बाहेरून सोन्याचे आमिष आहे. १६०१ साली गड पडला तो कशाने, याविषयी समकालीन वृत्तांत एकमत नाहीत. किल्लेदाराची भूमिका घेणाऱ्याने दार उघडावे की न उघडावे? हा पेच प्रौढाचा खरा. परंतु चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला तो कळत नाही असे कोणत्या शिक्षकास म्हणवेल?

काही विषय प्रौढांपुरतेच राहावेत, हे आम्हांस मान्य आहे. क्रौर्याचे तपशील व विकारांचे प्रदर्शन मुलांपुढे नको. पण वर्णनास आवर घालणे निराळे आणि परिणाम पुसून टाकणे निराळे. ज्या खेळात विश्वासघाताची किंमत द्यावी लागत नाही, तो मुलांसाठी सौम्य झालेला नसून खोटा झालेला असतो. म्हणून नियम मुलाला कळतील असे असावेत, निवड मात्र मोठ्याला विचार करावयास लावील अशी असावी.

ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू आम्हां मध्यप्रदेशातील मराठी माणसांस विशेष जाणवते. येथे शाळेची व बाजाराची भाषा हिंदी, महत्त्वाकांक्षेची इंग्रजी. मराठी उरते ती घरात, आणि घरातही 'जेवलास का, झोप आता' एवढ्यापुरती आक्रसू लागते. मन वळविणे, संशय घेणे, शब्द देणे, माघार घेणे, यांसाठी लागणारी मराठी मुलांच्या कानी पडावी कोठून? भूमिकाखेळात ती बोलल्यावाचून गत्यंतर नसते. परंतु केवळ मुलेच पटाभोवती बसली तर ती आपल्याजवळ असलेलेच शब्द परस्परांना देतील. नवे शब्द यावयाचे ते आजीकडून, मामाकडून, गुरुजींकडून.

सबब, खेळ मुलांचा की प्रौढांचा, या वादात आम्ही कोणाचाच पक्ष घेत नाही. तो दोघांनी एकत्र बसून खेळावा असा रचला पाहिजे. भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जावयाची तर दोन्ही पिढ्या एका पटाशी हव्यात.