पालथं करून पाहिलेलं खोगीर

माळेगावच्या यात्रेत घोड्याचे दात बघणारे पुष्कळ भेटतात. खोगीर पालथं करून त्याचं पोट बघणारा क्वचित दिसतो. खोगिराचा खरा गुण मात्र त्या पोटाशीच कळतो.

नांदेड-लातूर रस्त्यावरचं, लोहा तालुक्यातलं हे माळेगाव. मार्गशीर्ष सरता सरता खंडोबाची पालखी निघते आणि काठेवाडी, मारवाडी घोड्यांपासून साध्या तट्टांपर्यंत सगळ्यांचा बाजार भरतो. देवच घोड्यावर बसलेला, तेव्हा घोड्याच्या साजालाही इथे मान आहे. लगाम, तंग, दुमची, रिकिबी यांच्या शेजारी दोन जातींची खोगिरं मांडलेली असतात : चामड्याची आणि चामड्यासारखी.

चांगलं चामडी खोगीर उचललं की आधी वजन जाणवतं, साधारण 7-8 किलो. आत लाकडी थरांचा सांगाडा, त्याला पोलादी पट्ट्यांचा आधार. वर बैठकीचं कातडं ताणून बसवलेलं. पालथं केलं की दोन गाद्या दिसतात, लोकरीने भरलेल्या, आणि त्यांच्या मधून पुढून मागे गेलेली मोकळी पन्हळ. घोड्याचा कणा या पन्हळीखाली सुटा राहिला पाहिजे. स्वाराचा भार त्याच्या दोन्ही अंगांच्या स्नायूंवर पडला पाहिजे. पन्हळ अरुंद असेल, तर वरचं नक्षीकाम कितीही देखणं असो, ते खोगीर मी खाली ठेवतो.

मग टाके. हाताने शिवणारा कारागीर एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतो आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून काढतो. त्यामुळे एक टाका झिजून तुटला तरी शेजारचा जागा सोडत नाही. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा खालच्यात नुसता अडकलेला असतो. एक तुटला की ओळ उसवू लागते. घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या तंगाचे पट्टे जिथे शिवलेले असतात तिथे हा फरक थेट स्वाराच्या जिवाशी येतो. पट्टेही पाठीच्या कातड्याचे हवेत, कारण तिथले तंतू दाट असतात. पोटाकडचं कातडं ताणतं, मग रिकिबीची एक वादी लांब, एक आखूड, आणि स्वार नकळत एका बाजूला कलतो. कानपूरला 1860च्या दशकात लष्करासाठी खोगिरांचा सरकारी कारखाना निघाला. आज कानपुरी खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे. त्यांतलं एखादं जुनं, वापरून काळवंडलेलं खोगीर हाती लागलं तर त्याच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात. गुळगुळीत घोटलेल्या, कुठेही पापुद्रा न सुटलेल्या कडा हे सबंध कामाचं प्रमाणपत्र असतं.

आता दुसरी जात. बाजारात झगमगतं ते बहुधा रेक्झीन : कापडावर प्लास्टिकचा थर, त्यावर कातड्याच्या रेघा उठवलेल्या, आत स्पंज. हे मला मुळीच पटत नाही. स्पंज वर्षभरात बसतो आणि सांगाड्याची कड थेट पाठीवर येते. रेक्झीन घाम शोषत नाही. आमच्या उन्हाळ्यात, पारा 42-43 अंशांवर असताना, त्याखाली कातडी अक्षरशः शिजते. वरातीच्या घोडीवर तासभर शोभेला ठेवायचं असेल तर चालेल, रोजच्या स्वारीला नाही.

पण याच न्यायाने सगळी कृत्रिम खोगिरं मोडीत काढणं चूक. नायलॉनच्या दाट विणीची चांगली खोगिरं चामड्याची नक्कल करत नाहीत आणि म्हणूनच मला आवडतात. वजन पाच किलोच्या आसपास, पावसात भिजली तरी चिंता नाही, पाण्याने धुतली की स्वच्छ. काहींत पुढची लोखंडी कमान बदलून रुंदी कमीजास्त करता येते. चार वेगळ्या अंगाचे घोडे पाळणाऱ्याला ही सोय चामड्याच्या बहुतेक खोगिरांत मिळत नाही.

चामड्याला देखभाल लागते आणि इथेच आपल्याकडे घात होतो. घरात असतं ते करडईचं नाहीतर जवसाचं तेल. जवसाचं तेल हवेत सुकून पापुद्रा धरतं, करडईचंही थोडंफार तसंच. चामडं कडक होऊन तडकतं. चामड्याला न सुकणारं तेल हवं, तेही बेतानं. पावसाळ्यात बुरशी येते, तेव्हा बंद पेटीत न ठेवता हवेशीर जागी लाकडी घोडीवर ठेवावं.

या दोहोंच्या आधीचं दख्खनी उत्तरही विसरू नये. मराठ्यांच्या घोडदळाचं खोगीर मुख्यतः कापडाचं, लोकरीच्या नमद्याचं, भरीव गादीचं आणि हलकं. लांबच्या दौडीला ते फार शहाणपणाचं होतं. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पिऊनही ओली वाटत नाही. म्हणून खोगीर कशाचंही असो, त्याखाली धनगरी घोंगडीची घडी घालावी. मात्र घडीने खोगीर आवळत असेल तर ती घालून उलट नुकसान.

निवाडा शेवटी पाठीवरच होतो. स्वारीनंतर खोगीर उतरवून घामाचा ठसा बघावा. दोन्ही बाजूंना सारखा ओला असेल तर ठीक. मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथे एकतर दाब फार पडतो किंवा खोगीर टेकतच नाही. दुर्लक्ष केलं की दाबाच्या जागी जखम होते आणि पुढे पांढरे केस उगवतात. बाजारात घोड्याच्या मानेच्या मुळाशी असे पांढरे ठिपके पुष्कळ दिसतात, आणि ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

ज्याच्याकडे एकच घोडा आहे, त्याने नव्या रेक्झीनपेक्षा जुनं चामडी खोगीर घ्यावं. गुडघ्यावर ठेवून दोन्ही टोकं आत दाबावीत; मध्ये मोडल्यासारखं वाकलं किंवा कुरकुरलं तर सांगाडा गेला, सोडून द्यावं. सांगाडा शाबूत असेल तर पट्टे नवे लावता येतात, गाद्यांतली लोकर बदलून घेता येते. पैसे उरले तर ते तंगावर घालावेत.