मॅनेजर गेला, संघ जिंकला. पण कंट्रोल कुठे आहे?

लेस्टर सिटीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मे 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकली आणि जेमतेम नऊ महिन्यांत, 23 फेब्रुवारी 2017 ला, ती जिंकून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरीला क्लबने नारळ दिला. लीगमध्ये सलग पाच पराभव झाले होते आणि 2017 उजाडल्यापासून एकही गोल नव्हता. सहायक क्रेग शेक्सपिअरकडे सूत्रं आली, संघाने लीगमधले लागोपाठ पाच सामने जिंकले आणि बाराव्या क्रमांकावर हंगाम संपवला. झालं, निर्णय बरोबर ठरला!

आता हाच दावा व्हायवात करून बघा. समोरचे सर पहिलाच प्रश्न विचारतील: कंट्रोल कुठे आहे?

म्हणजे काय, ते बघू. मॅनेजरला कधी काढतात? संघ अगदी तळाला असताना. ती वेळ आपण यादृच्छिक निवडलेली नाही, सगळ्यात वाईट टप्पा बघूनच निवडली आहे. सलग पाच पराभवांत खराब खेळ असतो, तसंच नशीबही असतं. पोस्टला लागलेला चेंडू, जखमी स्ट्रायकर, ओळीने आलेले तगडे प्रतिस्पर्धी. हा नशिबाचा वाटा पुढच्या पाच सामन्यांत तितकाच वाईट राहण्याची शक्यता कमी. त्यामुळे काहीही न करता निकाल थोडे सुधारतात. संख्याशास्त्रात याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, म्हणजे सरासरीकडे परतणं. लॅबमध्ये पीसीआर तीनदा फसला की आपण किट बदलतो, चौथ्यांदा बँड दिसतो आणि सगळं श्रेय किटला जातं. जुन्या किटने चौथा रन कोणी लावलेलाच नसतो.

बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने हा ‘जुन्या किटचा चौथा रन’ शोधला. 1986 ते 2004 या काळातली डच लीग घेतली. मॅनेजर काढलेले संघ एका बाजूला ठेवले आणि तशाच घसरणीतून जाऊनही मॅनेजर न बदललेले संघ दुसऱ्या बाजूला. दोन्ही गट जवळपास सारखेच सावरले. मला हा पेपर आवडतो तो प्रश्न नेमका मांडल्यामुळे. गणित फार अवघड नाही, वाचायला घाबरू नका.

पण पेपर आवडला म्हणून त्याला सोडायचं नाही. ज्यांनी मॅनेजर ठेवला, त्यांनी तो का ठेवला? नाणं उडवून तर नाही. कदाचित सरावात त्यांना काही चांगलं दिसत होतं, खेळाडू अजून त्याचं ऐकत होते. किंवा भरपाई द्यायला पैसेच नव्हते. उलट ज्यांनी काढला, त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये आधीच भांडणं लागलेली असू शकतात. गुणतक्त्यात दोन्ही संघ जुळे भाऊ दिसतात, आत मात्र परिस्थिती वेगळी. जे गुणांत मोजलं जात नाही, ते जुळवता येत नाही. शिवाय सरासरी परिणाम शून्य निघाला, याचा अर्थ प्रत्येक क्लबवरचा परिणाम शून्य असा होत नाही. काहींना फायदा, काहींचं नुकसान, बेरीज शून्य, हेही शक्य आहे.

2020-21 चा लंडनमधला हिवाळा बघा. नाताळात आर्सेनल पंधराव्या क्रमांकावर होता, मिकेल आर्टेटाला काढा म्हणून ओरड चालू होती. क्लबने ठेवला. 26 डिसेंबरला त्याच संघाने चेल्सीला 3-1 हरवलं, हंगामाअखेर आठवा आला. महिन्याभरात चेल्सीने नवव्या क्रमांकावर असताना फ्रँक लँपार्डला काढून थॉमस टुकेलला आणलं. चेल्सी लीगमध्ये चौथा आला आणि मे महिन्यात पोर्तोला चॅम्पियन्स लीगही जिंकला. दोन उलटे निर्णय, दोन्ही संघ वर आले. यातून नियम काढू नका, पण ‘बदलणं कधीच उपयोगाचं नसतं’ असं म्हणणाऱ्याला टुकेलचं उत्तर द्यावं लागेल.

माझं मत विचाराल तर, फक्त गुणतक्ता दाखवून हंगामाच्या मध्यात मॅनेजर काढणाऱ्या संचालकांवर मी विश्वास ठेवणार नाही. संघ गोलच्या संधी तयार करतोय पण हुकवतोय, तर थांबा. संधीच तयार होत नाहीत आणि खेळाडूंनी ऐकणं सोडलंय, तर बदला. हा पुरावा निकालांच्या बाहेरचा आहे, म्हणून त्याला वजन आहे.

आणि विषय शोधत असाल तर एक सुचवतो: जिथे मॅनेजर अपयशामुळे गेलाच नाही, अशी उदाहरणं गोळा करा. तिथे ‘तळाला असताना काढला’ ही अडचण येत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबई सिटीचा डेस बकिंगहॅम हंगाम अर्धवट सोडून इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला. त्याच्या जागी पेत्र क्रात्की आला. एप्रिलमध्ये लीग शील्ड मोहन बागानने नेली, 4 मे 2024 ला कोलकात्यात मुंबईने त्याच मोहन बागानला 3-1 हरवून आयएसएल कप घेतला. आता यात यश कोणतं धरायचं, शील्ड की कप, हे डेटा उघडण्याआधी वहीत लिहून ठेवा.