कागदांवर उभी राहिलेली फिर्याद

न्युरेंबर्ग येथील युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत फिर्यादी पक्षाकडून उभे राहिलेल्या वकिलांपैकी अखेरचे हयात गृहस्थ बेंजामिन फेरेंझ हे ७ एप्रिल २०२३ रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तले. शंभरी गाठल्यावर 'पार्टिंग वर्ड्‌स' (२०२०) हे त्यांचे लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते सहज हाती लागते आणि एका बैठकीत संपते. तथापि ज्यांना फेरेंझ यांची खरी योग्यता पारखावयाची आहे त्यांनी ते बाजूस ठेवावे, आणि १९७९ साली निघालेला 'लेस दॅन स्लेव्ह्‌ज' हा त्यांचा रुक्ष, आकड्यांनी भरलेला ग्रंथ मिळवून वाचावा, असे आमचे मत आहे.

फेरेंझ यांचा जन्म १९२० सालचा, ट्रान्सिल्व्हेनियातील. तान्हेपणीच ते न्यूयॉर्कला आले, गरिबीत वाढले, हार्वर्डला कायदा शिकले आणि सैन्यात दाखल झाले. मुक्त झालेल्या छळछावण्यांत पुरावा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा छावणीत शिरताच ते प्रथम तेथील कचेरी ताब्यात घेत. कारण मृतांच्या नोंदवह्या तेथे असत. ही एक गोष्ट त्यांच्या साऱ्या कारकीर्दीची किल्ली आहे. पुढे बर्लिनमध्ये जर्मन सरकारी दप्तरे चाळताना त्यांच्या हाताखालच्या एका संशोधकाला पूर्वेकडील संहार पथकांचे दैनंदिन अहवाल सापडले. कोणत्या गावी, कोणत्या तारखेस, कोणत्या पथकाने किती माणसे मारली याची त्यांत नोंद होती. फेरेंझ यांनी बेरजेचे यंत्र घेऊन आकडे मिळविले. बेरीज दहा लाखांच्या पुढे गेली तेव्हा त्यांनी यंत्र थांबविले. मुख्य अभियोक्ते टेल्फर्ड टेलर यांच्यापाशी नव्या खटल्यास माणसे नव्हती. तेव्हा हातातले काम सांभाळून हाही खटला चालविण्याची जबाबदारी फेरेंझ यांनी पत्करली. वय होते २७, आणि यापूर्वी त्यांनी एकही खटला चालविलेला नव्हता.

आपल्यासारख्या, ज्यांचा दिवस टिपण्या आणि प्रती यांत मावळतो, अशा वाचकांस येथे थोडे थबकावेसे वाटेल. ते अहवाल क्रमांक घालून, गोपनीय शिक्का मारून, ठरलेल्या कचेऱ्यांस 'प्रत माहितीसाठी' या थाटात रवाना होत होते. कोणीतरी ते टंकलिखित केले, कोणीतरी आवक वहीत चढविले. आरोपींतही अडाणी मनुष्य जवळजवळ नव्हता: ओलेनडॉर्फ हे कायदा व अर्थशास्त्र शिकलेले, ब्लोबेल वास्तुशिल्पी, राश यांना दोन डॉक्टरेट. सप्टेंबर १९४७ मध्ये फेरेंझ यांनी केवळ याच कागदांच्या बळावर फिर्यादी पक्षाची बाजू दोन दिवसांत पुरी केली. बावीस आरोपी दोषी ठरले व चौदांस देहदंड फर्मावला गेला. प्रत्यक्षात फाशी गेले चौघेच; उरलेल्यांच्या शिक्षा उतरत गेल्या आणि १९५८ पर्यंत सारे कैदी सुटले.

आरोपपत्र चोवीस जणांवरच का? पथकांत माणसे सुमारे तीन हजार होती. पण आरोपीच्या पिंजऱ्यात खुर्च्या तेवढ्याच होत्या, असे फेरेंझ स्वतः सांगत. हा खुलासा ते हसतहसत करीत, पण त्यात फार मोठी कबुली आहे. जित्यांनी हरलेल्यांचा केलेला न्याय, हा आक्षेप आपल्याकडे विशेष परिचित आहे. टोकियोच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी तो १९४८ च्या भिन्नमतपत्रात मांडला. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते; आक्रमण हा गुन्हा असेल तर त्याची व्याख्या कोठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. फेरेंझ यांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. १९७५ साली त्यांनी आक्रमणाच्या व्याख्येवरच मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढील आयुष्य आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासाठी वेचले. आक्रमणाच्या गुन्ह्यावर त्या न्यायालयाचा अधिकार २०१८ साली सुरू झाला. त्यांचा स्वतःचा देश मात्र त्याचा सदस्य झाला नाही, आणि आपलाही नाही.

हे सारे 'पार्टिंग वर्ड्‌स' मध्ये येते, नाही असे नाही. परंतु तेथे आयुष्याचे नऊ धडे करून टाकले आहेत, आणि धडा म्हटला की प्रसंगाची धार जाते. दहा लाखांची ती बेरीज उपदेशासाठी दिलेला दाखला बनते. म्हातारपणी माणूस गोड बोलतो, त्यास आमची हरकत नाही. प्रकाशकाने त्याचे सुभाषितसंग्रह काढू नयेत.

'लेस दॅन स्लेव्ह्‌ज' मध्ये सुभाषित शोधून सापडणार नाही. छावण्यांतील ज्यू कैद्यांना ज्या कारखान्यांनी राबविले, त्यांच्याकडून मजुरी वसूल करण्याचा हा इतिहास आहे. शीर्षकाचा अर्थ कठोर आहे: गुलाम ही मालकाची मिळकत असते म्हणून तो त्याला जगवितो; येथे मरणारा कामकरी बदलून मिळत होता. ऑश्विट्झमधून वाचलेल्या नॉर्बर्ट वोलहाइम यांनी आय. जी. फार्बेनवर लावलेला दावा १९५३ साली फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने मान्य केला, आणि १९५७ मध्ये कंपनीने तीन कोटी मार्कांवर तडजोड केली. क्रुपने १९५९ मध्ये कबूल केलेली रक्कम हक्कदारांस पुरी पडली नाही. पैसे देतानाही कायदेशीर जबाबदारी आपल्यावर नाही, हे वाक्य करारात येईल याची कंपन्या दक्षता घेत. फ्रीडरिख फ्लिक यांनी तर १९७२ साली मरेपर्यंत एक मार्कही दिला नाही, आणि त्या वेळी ते जर्मनीतील अत्यंत धनाढ्य माणसांपैकी एक होते. फेरेंझ येथे संतापाचे विशेषण क्वचितच वापरतात. पत्रास पत्र लावतात, एवढेच. आणि तेवढ्याने वाचकाचे रक्त तापते.

ग्रंथात उणे आहे. तो वादी पक्षाच्या वकिलाने लिहिलेला आहे आणि ते लपत नाही. पोलिश व रशियन मजुरांचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्यांची दखल जर्मन सरकार व उद्योगपती यांनी दहा अब्ज मार्कांचा निधी उभारून घेतली ती २००० साली, जेव्हा बहुतेक हक्कदार हयात नव्हते. मांडणी ठिकठिकाणी कंटाळवाणी होते, हेही सांगितले पाहिजे. ज्यांस सारा ग्रंथ वाचण्याइतकी सवड नसेल त्यांनी निदान फार्बेन आणि क्रुप यांची प्रकरणे वाचावीत. फ्लिकचा भाग त्यानंतर.