‘मेणासारखं मऊ’ म्हणजे नेमकं किती? शिंगकामाची एक जुनी नोंद वाचताना

पीएचडीची तयारी करताना आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की रिव्ह्यू ऑफ लिटरेचर म्हणजे जुन्या लेखनाचा सारांश. कोणी काय म्हटलं ते ओळीने लिहायचं, वर्ष टाकायचं, पुढे जायचं. पण नोंद तपासायची कशी? आज एक अगदी छोटं उदाहरण घेऊ.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० सालचा आहे. तो आज घरबसल्या वाचता येतो. विजयदुर्ग आणि सावंतवाडीकडे गव्याच्या शिंगापासून शोभेच्या वस्तू बनत, हे आपल्याला त्या काळच्या अशा इंग्रजी नोंदींमुळे कळतं. त्यांत सांगितलेली कृती थोडक्यात अशी: शिंगाला खोबरेल तेल लावायचं, विस्तवासमोर धरायचं, ते मेणासारखं मऊ झालं की दाबून हवा तो आकार द्यायचा.

वाचायला किती सोपं! आणि नेमका इथेच धोका आहे. हे वाक्य जसंच्या तसं थीसिसमध्ये गेलं की तीच ‘पारंपरिक पद्धत’ ठरते. आता ते तपासू.

पहिली शंका: उपमेवर

मेण वितळतं, शिंग वितळत नाही. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचा आणि केसांचा जो पदार्थ तोच. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना दोन प्रकारे धरून असतात. हायड्रोजन बंध कच्चे असतात, उष्णतेने आणि पाण्याने सैल होतात. गंधकाचे बंध पक्के असतात, ते सहजी सुटत नाहीत. म्हणून गरम ओलं शिंग वाकतं, पण पातळ होत नाही. तापवतच राहिलात तर वितळण्याआधी करपतं. जळक्या केसांसारखा तो वास येतो ना, तो या गंधकाचाही आहे.

‘मेणासारखं’ या शब्दाने आणखी एक गोष्ट झाकली जाते. मेण थंड झालं की नव्या आकारात निमूट राहतं. शिंगाला जुना आकार आठवतो. दाबाखाली पुरेसा वेळ थंड होऊ दिलं नाही, तर सपाट केलेली पट्टी पुन्हा ओल किंवा ऊब लागताच वळायला लागते. सुरीच्या मुठीला अशी पट्टी बसवली की पावसाळ्यात ती कडेने उचलली जाते. म्हणजे ‘मऊ कसं केलं’ इतकाच महत्त्वाचा प्रश्न ‘दाबून किती वेळ ठेवलं’ हा आहे. नोंदीतून त्याचं उत्तर मिळत नाही.

दुसरी शंका: पाणी कुठे गेलं?

लंडनच्या शिंगकारांची संघटना तेराव्या शतकापासून नोंदीत आहे. कंदिलाच्या काचेऐवजी वापरायचे शिंगाचे पातळ पत्रे ते बनवत. त्यांच्या कामाच्या वर्णनांत क्रम असा येतो: शिंग बरेच दिवस पाण्यात ठेवून आतलं हाड सुटं करायचं, मग उकळायचं, मग विस्तवावर ऊब द्यायची, चिरून उलगडायचं आणि चरबी लावलेल्या गरम लोखंडी पाट्यांमध्ये दाबायचं. इथे चरबी आहेच, पण तिच्या आधी पाणी आहे.

कोकणातल्या नोंदीत फक्त तेल. मग कोकणात पाणी वापरतच नव्हते का? की नोंद करणारा आला तेव्हा भिजवण्याचं काम आधीच उरकलं होतं? दोन्ही शक्य आहे. लक्षात ठेवा, नोंदीत नाही म्हणजे घडलं नाही, असं होत नाही. तेल केराटिनमध्ये पाण्यासारखं शिरत नाही. माझा अंदाज असा की तेलाने उष्णता सगळीकडे सारखी पोचत असावी, शिंगातली ओल चटकन उडत नसावी आणि पृष्ठभाग करपत नसावा. पण हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. थीसिसमध्येही हे असंच वेगळं लिहायचं.

तिसरी शंका: शिंगाचा कोणता भाग?

शिंगाचं टोक भरीव असतं, बुडाकडचा भाग पोकळ. सपाट पट्टी निघते ती पोकळ भागातून. टोक कोरायला किंवा मुठीला सबंध वापरायला बरं. नुसतं ‘शिंग’ म्हटल्याने दोन वेगळी कामं एक होऊन जातात.

मग ही नोंद टाकून द्यायची का?

अजिबात नाही. तिच्यामुळेच ठिकाण, प्राणी आणि तेल या तीन गोष्टी आपल्याला कळल्या. तक्रार एवढीच की ती बघणाऱ्याने लिहिली आहे, करणाऱ्याने सांगितलेली नाही. तापमान, वेळ, जाडी हे सगळं कारागिराच्या बोटांत होतं, आणि कारागीर त्या वाक्यात कुठेच बोलत नाही. हस्तकला ‘लुप्त’ झाली म्हणून आपण हळहळतो. पण आपल्या हाती उरलेल्या वर्णनावरून ती पुन्हा उभी करता येणार नाही, हे नुकसान आपल्या ध्यानातही येत नाही. उद्या तुम्ही एखाद्या कारागिराकडे वही घेऊन बसाल तेव्हा तुमचीही नोंद अशीच तीन ओळींची होऊ शकते.

करून बघा

गव्याच्या शिंगाच्या नादी लागू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे. म्हशीचं शिंग कायदेशीर ठिकाणाहून घ्या, पावती जपून ठेवा. सारख्या जाडीच्या पट्ट्या कापा: एक नुसती उकळा, एक तेल लावून तापवा, एक उकळून मग तेल लावून तापवा. प्रत्येकीचं आधी आणि नंतर वजन करा; पाणी गेलं की आलं ते त्यावरून कळेल. सारख्या दाबाखाली पूर्ण थंड होऊ द्या. मग अंधेरीच्या जुलैतल्या हवेत महिनाभर उघड्यावर ठेवून वाक मोजा. इतकी दमट प्रयोगशाळा फुकट मिळत असताना सोडायची कशाला? घासताना मात्र मास्क लावा, शिंगाची धूळ छातीत जाते.

आणि तुमच्या स्वतःच्या विषयातलं असं एक गुळगुळीत वाक्य शोधा, जे सगळे उद्धृत करतात. त्याच्यासमोर चार प्रश्न लिहा: किती? किती वेळ? कोणता भाग? कोणी सांगितलं? ज्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, तिथून तुमचं संशोधन सुरू करता येईल.