धड्यातली गाय माजावर येत नाही

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात अन्ननिर्मिती वाढवण्याच्या उपायांवर एक प्रकरण होते. २०२२ साली अभ्यासक्रमाचा भार हलका करताना ते वगळण्यात आले. वगळलेल्या प्रकरणावर टीका कशासाठी, असे कोणी विचारील. पण धडा पुस्तकातून गेला, तरी तो मार्गदर्शकांतून, टिपणांतून आणि आपल्या तोंडून पुढे चालू राहतो. शिवाय राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातही याच विषयाचे प्रकरण आहे. म्हणून त्या जुन्या धड्याने पशुपैदाशीची जी चौकट घालून दिली, ती तपासून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते. ही तपासणी आम्ही भोर आणि वेल्हे या तालुक्यांतला गोठा डोळ्यांसमोर ठेवून करणार आहोत. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, पण गोठा तोच आहे.

आधी धड्याचे गुण सांगायला हवेत. जवळच्या नात्यातले प्रजनन म्हणजे काय, त्याच जातीतले पण नात्याबाहेरचे प्रजनन म्हणजे काय, संकर म्हणजे काय, हे भेद धड्यात नेटके मांडले आहेत. सतत जवळच्या नात्यात पैदास केली की फलनक्षमता घटते, आणि नात्याबाहेरचा वळू वापरला की ती बऱ्याचदा सावरते, हेही सांगितले आहे. संप्रेरके देऊन एका गाईकडून एका वेळी सहा ते आठ अंडी मिळवायची आणि भ्रूण दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवायचे, ही पद्धतही स्पष्ट केली आहे. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरते.

आमची पहिली तक्रार अशी, की या धड्यातली गाय दूध देते, मांस देते, पण माजावर येत नाही. फलनक्षमता हा धड्यात स्वतंत्र गुण नाही. नात्यातल्या पैदाशीचा एक दुष्परिणाम म्हणून ती एका वाक्यात येते आणि निघून जाते. मावळातल्या गोठ्यात मात्र पहिला प्रश्न तोच असतो: गाय फळली का, की उलटली?

याचा हिशेब वर्गात फळ्यावर मांडता येतो. गाईचा गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवे असेल, तर ३६५ मधून २८३ वजा जाता ८२ दिवस उरतात. माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे, म्हणजे या ८२ दिवसांत जास्तीत जास्त चार माज. त्यातले सुरुवातीचे दिवस विण्यानंतर गर्भाशय सावरण्यात जातात. उरले दोन किंवा तीन. माज टिकतो बारा ते अठरा तास, आणि आपल्या देशी वंशाच्या गाईंत तो बऱ्याचदा याहून थोडा वेळ टिकतो, रात्री येतो किंवा मुका असतो. एक माज हुकला की २१ दिवस गेले. त्या २१ दिवसांचा चारा मालकाला घालावाच लागतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. धडा वाचून विद्यार्थ्याची समजूत अशी होते, की चांगली जात आणली की सगळे चांगले होते. एखाद्या गुणातला किती फरक जनुकांमुळे पडतो आणि किती चारा, हवा, निगा यांमुळे, हा प्रश्नच धड्यात विचारलेला नाही. खरे तर पशुपैदाशीच्या शास्त्राचा तो पाया आहे. कळपातल्या जनावरा-जनावरांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला आनुवंशिक फरकाचा वाटा मोजतात आणि तो शून्य ते एक यांमधल्या आकड्याने दाखवतात. होल्स्टीन गाईंच्या अमेरिकेतल्या नोंदींवरून काढलेला, गाभण राहण्याच्या दराबाबतचा हा आकडा सुमारे ०.०४ आहे. म्हणजे एक गाय फळली आणि शेजारची उलटली, तर त्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा शंभरात चारच्या आसपास. बाकीचा फरक माज ओळखण्यात, रेतन वेळेवर होण्यात, रेतकांडी नीट हाताळण्यात आणि मुख्य म्हणजे पोटात काय पडले यात असतो. वेळवंड किंवा गुंजवणी खोऱ्यातली गाय पावसाळ्यात हिरवे खाते आणि उन्हाळ्यात भाताच्या पेंढ्यावर दिवस काढते. पेंढ्यात प्रथिने कमी आणि फॉस्फरसही कमी. अशी गाय माजावर आली नाही म्हणून ‘जातच वांझ’ असा शिक्का मारणे शास्त्राला धरून नाही. तो शिक्का बसला की गाय विकली जाते, आणि नव्या गाईसाठी घरावर कर्ज चढते. धड्यातल्या एका गाळलेल्या संकल्पनेची ही किंमत आहे.

पण आकडा लहान आहे, म्हणजे जनुकांचा संबंध नाही असे कोणी समजू नये. हा आकडा आपण काय मोजतो आणि कसे मोजतो, यावरही अवलंबून असतो. इथे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांवरचे काम उपयोगी पडते. हा भाग शिक्षक बहुधा पटकन उलटून पुढे जातात. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे विषय अवघड वाटतो. पण देशी वंशाच्या गाईंच्या फलनक्षमतेचा जगातला मोठा अभ्यास याच कळपांवर झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्राह्मन गाईचे मूळ आपल्याकडचे आहे. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली या जातींपासून ती अमेरिकेत घडली. तिथल्या संशोधकांनी ब्राह्मन आणि संकरित मिळून सुमारे दोन हजार कालवडींची दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी केली आणि अंडाशयात पीतपिंड पहिल्यांदा कधी दिसतो, त्याची नोंद ठेवली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ब्राह्मन कालवडी सरासरी ७५१ व्या दिवशी वयात आलेल्या दिसल्या, तर संकरित कालवडी त्यांच्या सुमारे शंभर दिवस आधी. वयात येण्याच्या वयाबाबत आनुवंशिकतेचा आकडा ब्राह्मनमध्ये ०.५७ निघाला. कुठे ०.०४ आणि कुठे ०.५७! ‘गाभण आहे की नाही’ एवढेच विचारले, तर उत्तरात माणसांच्या चुका मिसळतात. अंडाशय कधी काम करू लागले, हे थेट पाहिले की जनुकांचा वाटा उघडा पडतो.

मांसाच्या कळपांत हा अभ्यास का झाला, याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. तिथल्या गाईचे दूध कोणी विकत नाही. वर्षाला एक वासरू, एवढेच तिचे उत्पन्न. आता आपल्या डोंगरातली गावठी गाय आठवा. ती चिखलणीला बैल मिळावेत आणि शेतीला शेणखत मिळावे म्हणून पाळली गेली, दूध घरापुरते. म्हणजे हिशेबाने ती होल्स्टीनपेक्षा त्या ब्राह्मनच्या जवळची आहे. तिला लिटरच्या मापाने मोजणारा धडा तिला नापासच करणार. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंश मोजला गेला. त्यात देशी आणि गावठी मिळून सुमारे १४ कोटी २१ लाख होता. बहुसंख्य गाईंना जी मोजपट्टी लागूच पडत नाही, ती धड्यात एकमेव असावी, हे आम्हांला पटत नाही.

तिसरी तक्रार मेंडेलविषयी आहे. पुस्तकात मेंडेल एका प्रकरणात आणि गाय दुसऱ्या प्रकरणात, दोघांची भेट होत नाही. ती घडवून आणण्यासारखे एक उदाहरण आहे. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ‘चीफ’ नावाच्या होल्स्टीन वळूच्या सुमारे सोळा हजार मुली नोंदल्या गेल्या. दुधाळ वंश म्हणून त्याचे रेत जगभर गेले. २०११ साली संशोधकांनी गुणसूत्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा आई किंवा बाप अशा एकाकडून आलेल्या गाई पुष्कळ होत्या, पण दोघांकडून आलेली जिवंत गाय एकही नव्हती. तशा गाई जन्मालाच येत नव्हत्या. पुढे दोष एका जनुकात सापडला आणि माग चीफपर्यंत पोहोचला. २०१६ च्या एका अंदाजानुसार या दोषाने जगभरात सुमारे सव्वापाच लाख गर्भ गेले. त्याच अभ्यासात असेही दाखवले आहे, की चीफच्या वंशाने दुधातून दिलेला फायदा या तोट्याच्या कितीतरी पट होता. म्हणूनच हा तोटा इतकी वर्षे कोणाच्या डोळ्यांत आला नाही.

इथे विद्यार्थ्यांना गणित घालावे. वळूत असा एक अप्रभावी घातक दोष आहे आणि गावातल्या गाई निर्दोष आहेत. त्याच्या मुलींपैकी निम्म्या वाहक असतील. पुढे त्याच वळूचे रेत त्याच्या मुलींना दिले, तर वाहक मुलींचे एकचतुर्थांश गर्भ जातील, म्हणजे एकूण गर्भांपैकी आठांत एक. मालकाला मेलेला गर्भ दिसत नाही, तो एवढेच म्हणतो की गाय उलटली. नात्यातल्या पैदाशीने फलनक्षमता घटते, हे धड्यातले वाक्य खरे कसे ठरते, याची एक वाट या गणितातून दिसते. म्हणूनच रेतन-केंद्रांसाठीच्या केंद्र सरकारच्या किमान मानकांत होल्स्टीन वळूंच्या काही आनुवंशिक दोषांची चाचणी सांगितली आहे, आणि म्हणूनच रेतकांडीवरचा वळूचा क्रमांक टिपून ठेवायचा असतो.

पुणे जिल्ह्याला या विषयात मोठा वारसा आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ची स्थापना केली आणि गोठित रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. त्या कामाने अनेक घरांत दुधाचा पैसा आला, हे नाकारता येत नाही. आता गाय संकरित की देशी, असा वाद घातला जातो. एका बाजूला दूध म्हणजेच प्रगती, दुसऱ्या बाजूला देशी म्हणजे आपोआप निरोगी आणि फळणारी. आम्हांला दोन्ही बाजू धड्याइतक्याच अपुऱ्या वाटतात, कारण दोघीही मोजणी टाळतात. ब्राह्मन कालवड उष्णतेत टिकते, पण वयात उशिरा येते, हे मोजल्यावरच कळले. अमेरिकेतही दुधामागे लागून होल्स्टीनची फलनक्षमता कित्येक दशके घसरत गेली. २००३ पासून तिथे वळूच्या मुलींची फलनक्षमता निवडीच्या हिशेबात धरू लागले. आकडा ०.०४ असूनही निवडीचा उपयोग झाला, कारण नोंदी लाखो गाईंच्या होत्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला देशी गुरांसाठी ‘गौ चिप’चे उद्घाटन झाले. वासराच्या रक्तावरून त्याचे जनुकीय गुण ओळखण्याचे हे साधन आहे. पण चिप जनुके वाचते, त्यांचा अर्थ तिला नोंदींतून शिकवावा लागतो. कोणती गाय कधी माजावर आली, कितव्या रेतनाला फळली, दोन वेतांत किती अंतर पडले, हे कोणी लिहिलेच नसेल, तर चिपही मुकीच राहणार. मावळातल्या गावठी गाईंच्या अशा नोंदी ठेवल्या नाहीत, तर निवड दुसऱ्या मुलखातल्या गाईंच्या मापाने होईल.

हे काम शाळेला जमण्यासारखे आहे. नववी-दहावीच्या मुलांनी घरच्या आणि शेजारच्या गाईंची एक वही करावी. माजाची तारीख व वेळ, रेतनाची वेळ, वळूचा क्रमांक, एकविसाव्या दिवशी काय दिसले, त्या महिन्यात चारा काय होता, विण्याची तारीख, एवढे रकाने पुरेत. दोन वर्षांत वेतातील अंतराची सरासरी काढता येईल, उन्हाळा आणि पावसाळा यांची तुलना करता येईल. एका शाळेच्या वहीतून जनुकांविषयी निष्कर्ष काढू नयेत, त्यासाठी गाईंची संख्या फार लहान पडते. पण हुकलेले माज किती आणि खरोखर उलटलेल्या गाई किती, हे मात्र कळेल. पुस्तक लिहिणाऱ्यांकडे आमचे मागणे एवढेच, की पुढच्या धड्यात दुधाच्या आकड्याशेजारी दोन वेतांमधले अंतरही छापावे.