कमी ऐकणारा माइक

जुन्या स्पीकरमधला वूफर काढायचा, त्याला माइकची केबल जोडायची आणि बेस ड्रमसमोर उभा करायचा. घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांमध्ये या जुगाडाला जवळपास मंत्राचा दर्जा मिळाला आहे. ‘आवाजाला वजन येतं,’ असं जो तो सांगतो. वजन येतं, हे खरंच. पण ते वजन ड्रमचं असतं की वूफरचं, हे फारसं कुणी विचारत नाही. या माइकची समीक्षा करायची तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

आधी यंत्र समजून घेऊ. स्पीकर आणि डायनॅमिक माइक यांची रचना मुळात एकच असते: चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल आणि तिला चिकटवलेला पडदा. वीज दिली की पडदा हलतो, पडदा हलवला की वीज तयार होते. मायकल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलेलं हे तत्त्व. फरक फक्त आकारमानाचा. माइकचा पडदा नाण्याएवढा आणि हलका, वूफरचा ताटलीएवढा आणि जड. जड पडद्याला झपाट्यानं मागेपुढे होता येत नाही, म्हणून वरच्या पट्टीतल्या आवाजांना तो जवळपास बहिराच. ५०-६० हर्ट्झचा हवेचा लोट आला, की मात्र तो अख्खा डोलतो.

ही कल्पना जुनी आहे. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सचं ‘पेपरबॅक रायटर’ रेकॉर्ड होत असताना जेफ एमरिक या विशीतल्या इंजिनियरनं बेस गिटारच्या स्पीकरसमोर दुसरा मोठा स्पीकर माइक म्हणून ठेवला. पुढे यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरचा पांढऱ्या पडद्याचा वूफर बेस ड्रमसमोर दिसू लागला. १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी काढलेला हा स्पीकर नावारूपाला आला तो स्टुडिओंमध्ये. मग यामाहानंच १० इंची ड्रमच्या कवचात साडेसहा इंची स्पीकर बसवून तो ‘सबकिक’ या नावानं विकायला काढला. म्हणजे आधी जुगाड आला, मागून उत्पादन.

आता माझा आक्षेप. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असतो, तेव्हा अ‍ॅम्प पडद्याला एक प्रकारे ब्रेक लावून धरतो. माइकच्या प्रीअ‍ॅम्पचा इनपुट साधारण दीड-दोन किलोओहमचा असतो, तिथे हा ब्रेक जवळजवळ सुटतो. फटका बसला की पडदा स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर डुलत राहतो. मी साडेसहा इंची वूफर लावून हे ऐकलं. ड्रमरनं पान सैल केलं काय नि ताणलं काय, फटक्यामागची घुमारी बरीचशी तीच राहिली. ड्रमर पानं सुरात लावण्यासाठी घालवतो तो अर्धा तास हा माइक सहज पुसून टाकू शकतो. सगळ्या गाण्यांच्या पोटात एकच ‘धुम्म’ भरायचा असेल, तर त्यासाठी ड्रमरची तरी काय गरज?

यावर उपाय साधा आहे. वूफरच्या दोन टोकांना समांतर असा १० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावला की ब्रेक थोडा परत येतो, घुमारी आखडते. सिग्नल कमी होतो, पण या माइकचा सिग्नल तसाही इतका जोरकस असतो की एरवी २० डेसिबलचा पॅड लावावा लागतो.

जोडणीतही एक मेख आहे. स्पीकरवरचं अधिक चिन्ह पडदा बाहेर ढकलणाऱ्या विजेसाठी असतं, माइकच्या संकेतात मात्र पडदा आत ढकलणारा दाब अधिक मानतात. म्हणून अधिकचं टोक एक्सएलआरच्या ३ नंबरच्या पिनला आणि उणेचं २ नंबरला लावावं. १ नंबरची पिन फक्त केबलच्या जाळीला जोडावी, कॉइलला नाही. उलट जोडलं तर हा माइक नेहमीच्या माइकचा खालचा आवाज खोडायला लागतो. मग वजन मिळवायला आणलेला माइकच आवाज पातळ करतो.

शिवाय ऐकणाऱ्याचा विचार करा. तुम्ही हे फोनवर वाचताय, गाणीही बहुधा त्यावरच ऐकता. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ६० हर्ट्झ जवळपास बाहेरच पडत नाही. ढोल-ताशा पथकाचा व्हिडिओ फोनवर लावा: ताशा कडकडतो, टिपरूचा टणका ऐकू येतो, पण छातीत बसणारा ढोल गायब. तरीही तिथे ढोल आहे हे कळतं, कारण वरच्या स्वरांवरून कान खालचा स्वर ताडतो. वूफरच्या माइकमध्ये हे वरचे स्वर जेमतेम असतात. त्याच्या एकट्याच्या भरवशावर केलेला बेस ड्रम फोनवर जवळपास नाहीसाच होतो. तिथे ड्रम ओळखू येतो तो एकेजी डी११२ किंवा शुअर बीटा ५२ए यांसारख्या माइकमुळे, कारण फटक्याची कड ते टिपतात.

मग हा माइक टाकाऊ आहे का? मुळीच नाही. नेहमीचा माइक ज्या खोलीपर्यंत नीट पोहोचत नाही, तिथे हा पोहोचतो आणि झांजांचा कलकलाट आपोआप गाळून टाकतो. कमी ऐकणं हाच त्याचा गुण. पण त्यानं दुसऱ्या आवाजात गावं, मुख्य गायक होऊ नये.

पारख करायची सोपी रीत आहे. मिक्समध्ये तो म्यूट करा. वजन गेलं पण ड्रमर ओळखू येत राहिला, तर माइक चांगलं काम करतोय. वजनाबरोबर ड्रमरही गेला, तर इतका वेळ तुम्ही वूफरच ऐकत होता. भंगारातला स्पीकर जरूर आणा, सोल्डरिंगही करा. फक्त तो वाजवणाऱ्याच्या जागी बसत नाही ना, एवढं बघा.